अळ्यांचे दोन रविवार

कूलरच्या टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचा असतो, हे नागपुरातल्या पोरांना चालायला लागण्याआधी शिकवतात.

*

कामठीच्या लष्करी रुग्णालयात इन्स्पेक्शनच्या सकाळी कुंड्यांनासुद्धा गेरू लागतो. आतली रोपं तीच असतात.

*

डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कोरड्या पत्र्याला चिकटून महिनोन्‌महिने पडून राहतात. पाणी लागलं की जागी होतात. त्यांना बिगुल लागत नाही.

*

कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या माणसाच्या हातात माइक दिला की तो परत घेता येत नाही.

*

प्रश्न तिसरा : आपल्याला कोणी पाहत आहे हे कळल्यावर माणसांचे वागणे बदलते. सोदाहरण स्पष्ट करा.

हा प्रश्न दुसऱ्या सत्राच्या परीक्षेत आला होता. कॅप्टन दामिनी बारापात्रेने पुरवणी घेऊन उत्तर लिहिलं आणि त्या पेपरात वर्गात पहिली आली.

*

आणि तरीही.

*

दामिनी नागपूरच्या तांडापेठेतली. तिच्या गल्लीत एके काळी घराघरांत माग होते. आता एका घरात एक माग उरलाय, तोही पाहुण्यांना दाखवण्यापुरता. वडील गणपतराव गांधीबागेत कापडाच्या दुकानात ठाण उलगडतात आणि गिऱ्हाइकाला भाव सांगतात. पोरगी सैन्यात नर्स झाली, लेफ्टनंट झाली, मग कॅप्टन झाली. गल्लीला हुद्द्यांचा क्रम नीट ठाऊक नाही, पण पोरगी वरच चाललीय एवढं कळतं. समोरच्या घरातल्या वच्छलाबाई सोनकुसरे तर तिला आत्तापासूनच ‘आपली कर्नल’ म्हणतात. कोणी चूक दाखवली, तर म्हणतात, “होनारच हाये ना? मंग आजच म्हणलं तं काय बिघडलं?”

या कर्नल न झालेल्या कर्नलने दोन वर्षांपूर्वी सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला नाव घातलं. दूरशिक्षणाने. कामठीच्या रुग्णालयातली नोकरी तीच, ड्यूटी तीच, वर अभ्यास. संख्याशास्त्राची सूत्रं तिने कामठी रोडवरच्या सिग्नलला स्कूटर थांबवून पाठ केली. साथरोगांची व्याख्यानं वर्दीला इस्त्री करताना कानात घालून ऐकली. एकदा कॉलऱ्याच्या नादात बाही जाळली. मेट्रन मॅडमनी ती जळकी बाही पाहिली आणि विचारलं, “बारापात्रे, ये डिग्री है या दूसरी ड्यूटी?”

“दूसरी ड्यूटी, मॅडम.”

“तो वर्दी भी दूसरी ले लो.”

सगळे पेपर सुटले. राहिला प्रकल्प. एक वस्ती घ्यायची, डासांच्या अळ्या किती घरांत सापडतात ते मोजायचं, लोकांना बरोबर घेऊन काही उपाय करायचा, पुन्हा मोजायचं. आधी आणि नंतर. बस, एवढंच. पण मधल्या काळात सैन्याने तिला एका सरावाला पाठवलं, मुदत एकदा वाढवून घ्यावी लागली, आणि विद्यापीठ दुसऱ्यांदा वाढवून देत नाही. त्यातच ऑगस्टमध्ये हुकूम आला : दिवाळीनंतर लेह. लेहला कूलरही नसतात आणि एडिसही नसतो. म्हणजे प्रबंध दिवाळीआधी गेला तर पदवी, नाही तर नोंदणी बाद आणि जळक्या बाहीसकट दोन वर्षं वाया.

घाईत माणूस आपल्या सवयीने वागतो. दामिनीने गल्लीचे पुढारी भैयाजी निमजे यांना फोनवर निरोप धाडला :

‘भैयाजी, नमस्कार. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता पाहणीसाठी येत आहे. सर्व घरांतील कूलर, ड्रम, टाक्या व इतर पाणीसाठे तपासले जातील. सर्वांनी उपस्थित राहावे. कॅप्टन दामिनी.’

पुरवणी घेऊन लिहिलेलं उत्तर त्या वेळी तिला आठवलं नाही.

*

गणपती बसलेले होते, त्यामुळे मांडव होता. मांडव होता, त्यामुळे माइक होता. माइक होता, त्यामुळे भैयाजी होते.

“हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. सर्व भक्तांले सूचना. आपल्या बारापात्र्याइची दामिनी येत्या रविवारी इन्स्पेक्शनले येऊन राहिली. ही तिची परीक्षा आहे. पोरीले नापास करू नका. मी कोराडीले बम, पन्नासेक तरी इन्स्पेक्शनं पाह्यली. मोठे साहेब यायचे तं आम्ही कोळसा सोडून सगळं पांढरं करत होतो. समजलं? अळी म्हणून दिसली नाही पाह्यजे. आरती सात वाजता.”

*

पहिला रविवार

गल्लीच्या तोंडाशी रांगोळी होती. रांगोळीत मोठा डास काढलेला आणि त्यावर लाल फुली.

दामिनी साध्या कुर्त्यात आली म्हणून भैयाजींचा चेहरा आधी पडला. त्यांनी स्वतः टोपी घातली होती. मागे बाया ओळीने आपापल्या दारात उभ्या, पदर खोचलेले, हात सरळ. कूलर भिंतीला टेकून पालथे वाळत पडलेले, त्यांच्या वाळ्याच्या ताट्या उन्हात. ड्रम इतके घासलेले की त्यांचा मूळचा निळा रंग बऱ्याच जणांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तुळशीखालची ताटली गेलेली. चिमण्यांसाठी ठेवलेली परळसुद्धा कोरडी, आणि एक चिमणी तिच्या काठावर बसून विचारात पडलेली.

दामिनीने टॉर्च काढला. घर एक, काही नाही. घर दोन, काही नाही. वच्छलाबाईंच्या घरी एक जुनी दगडी कुंडी होती, पूर्वी सूत रंगवायची. तिच्यात तर कापूर जाळला होता.

“कापूर काहून, मावशी?”

“राह्यली साह्यली असन एखादी, तं जाईन.” वच्छलाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “पाय, किती पाहतं ते पाय. काही सापडते का! तुले पास केल्याबिगर सोडत नाही आम्ही.”

गल्ली संपली. एकाही घरात एकही अळी नाही. भैयाजींनी टाळ्या वाजवल्या आणि सगळी गल्ली वाजवू लागली. दामिनीची आई कौशल्या पदराने डोळे टिपत होती. दुपारी पाटवडी रस्सा झाला. रस्शाने दामिनीच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रस्शाचंच असेल असं सगळ्यांनी धरलं.

*

“शून्य?” फोनवर डॉ. अपूर्व देवगडे. हे तिचे मार्गदर्शक.

“हो सर.”

“नागपूर. सप्टेंबर. कूलर आहेत ना वस्तीत?”

“घरोघरी आहेत, सर.”

“मग एक तर तुमच्या गल्लीत देव राहतात, नाही तर त्यांना तुम्ही येणार हे ठाऊक होतं.”

पुरवणी घेऊन लिहिलेलं उत्तर आता दामिनीला आठवलं.

“कॅप्टन, सांगितलं होतं तुम्ही?”

“वेळेसकट, सर.”

पलीकडून पाणी प्यायल्याचा आवाज आला.

“आता हे पाहा. आधीच शून्य असेल तर नंतर काय कमी करणार तुम्ही? उणे अळ्या?”

*

त्या आठवड्यात एका संध्याकाळी ड्यूटी संपवून दामिनी तडक तांडापेठेत आली आणि वच्छलाबाईंच्या ओट्यावर बसली. चार बाया शेंगा सोलत होत्या. आईही होती.

“मावशी, ऐका. माझी परीक्षा तशी नाही. तुमच्या घरी अळ्या सापडल्या म्हणून मी नापास होत नाही. उलट नाही सापडल्या तर माझं काम अडते. खरं काय आहे ते मले मोजाचं असते.”

शेंगा सोलणारे हात थांबले.

“म्हणजे अळ्या पाह्यजे तुले?” वच्छलाबाईंनी विचारलं.

“पाह्यजे म्हणजे... असल्या तर दिसाले पाह्यजे.”

“मंग आधी सांगाले काय झालं होतं वं तुले? अख्खा शनिवार घासत बसलो आम्ही. माझ्या मनगटात अजून कळ येऊन राहिली!”

“चुकलं माझं.”

“जाऊ दे. आता पाय तू.” वच्छलाबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती दामिनीने ओळखायला हवी होती. सैन्यात अशी चमक खेळाच्या सामन्याआधी दिसते.

पण तिला परत कामठी गाठायची होती. तिने हेल्मेट चढवलं.

*

मधले दिवस. (यातलं दामिनीला काहीही ठाऊक नव्हतं.)

कूलर सरळ झाले. टाक्या भरल्या. ज्यांच्या टाकीत भरूनही काही होईना, त्यांनी शेजारून विरजणासारखं थोडं मागून आणलं.

“जास्त नको देऊ, मले बी पाह्यजे.”

“अवं, घे ना. माझ्याइथं बम झाल्या.”

कौशल्या एकटीच या सगळ्यापासून दूर राहिली. ती म्हणाली, आमच्या घरात असलं काही होत नाही.

*

दुसरा रविवार

या वेळी रांगोळीतल्या डासावर फुली नव्हती.

“आधी माझ्या घरी!” “नाही, मागच्या टायमाले इकडून सुरू केलं होतं, आता तिकडून कर!” दामिनीला दोघींनी दोन हातांना धरलं. पहिल्या कूलरवर टॉर्च टाकला, तर पाणी नुसतं नाचत होतं. दुसऱ्यात तेच. तिसऱ्या घरातल्या बाईने स्टीलचा डबा उघडून पुढे केला, दिवाळीचा फराळ द्यावा तसा. दगडी कुंडीपाशी वच्छलाबाई उभ्या होत्या, आणि त्यांनी कुंडीला हळदीकुंकू लावलं होतं.

“मोज,” त्या म्हणाल्या. “पूरा दिवस लागन तुले.”

भैयाजी एका बरणीवर रुमाल झाकून आले. “घरच्या झाल्या नाही आमच्या. कोराडीले जुन्या कॉलनीतून आणल्या. तिथल्या साइजले मोठ्या असतेत. पाय.”

दामिनीने रुमाल काढला.

“भैयाजी, याइले शेपट्या आहेत.”

“हाव ना.”

“हे बेडकाचे पिल्लं आहेत.”

गल्ली अशी हसली की मांडवातला पुजारी बाहेर आला. भैयाजींनी बरणी पुन्हा झाकली आणि आपण हे सरकारी वस्तीतून आणलं आहे, चूक सरकारची आहे, असं सांगितलं.

दामिनी हसली नाही. ती कुंडीवर वाकली होती. पाण्याच्या वरच्या थरात काही कोष स्वल्पविरामासारखे वळलेले होते. म्हणजे अळीपणही संपलेलं. म्हणजे उद्या परवा पंख. तिने मान वर केली : ओट्यांवर पोरं, खाटेवर एक म्हातारी, एका दारात पोटुशी सून. ही सगळी माणसं तिच्या प्रेमापोटी आपल्याच घरात डेंगी पाळत बसली होती.

तिचा आवाज बदलला. वॉर्डात एकाच वेळी तीन स्ट्रेचर आले की तो असा होतो.

“सगळी भांडी पालथी! आत्ता! नालीत नाही, मातीवर ओता! टाकीचे काठ घासा, नुसतं पाणी फेकून अंडी जात नाहीत! भैयाजी, तुम्ही त्या टोकापासून! वच्छलामावशी, कुंडी!”

कुणी काहून विचारलं नाही. बादल्या निघाल्या, ब्रश निघाले, नारळाच्या शेंड्या निघाल्या. गल्लीच्या एका टोकापासून खसखस सुरू झाली ती दुसऱ्या टोकाला जाऊन भिडली. चहा उकळून गाळावा एवढ्या वेळात अख्खी गल्ली कोरडी झाली. वच्छलाबाई कुंडीत उतरून घासत होत्या आणि हळदीकुंकवाचं लाल पाणी त्यांच्या पायांवरून वाहत होतं.

“गेल्या ना वं सगळ्या?” त्यांनी धापा टाकत विचारलं. “तू मोजल्याच नाही.”

“नाही मोजल्या,” दामिनी म्हणाली.

*

भैयाजींनी तिला मांडवाच्या मागे गाठलं. माइक नसला की त्यांचा आवाज बराच समजूतदार होतो.

“पोरी, तोंड कायले पाडून राहिली? डोस्कं चालव. हा रविवार आधी टाक, मागचा रविवार नंतर टाक. आधी अळ्याच अळ्या, मंग एक बी नाही. दोन्ही रविवार खरे आहेत, आम्ही सगळे गवाह आहो. खाली वर झाले एवढंच. कोन पायते?”

*

कोण पाहते?

दामिनीने घरी जाऊन लॅपटॉप उघडला. आपण नुसतं करून पाहतोय, असं तिने स्वतःला सांगितलं. दोन स्तंभ. वरच्या नावांची अदलाबदल केली. आधी : जवळपास सगळी घरं. नंतर : शून्य. आलेख आपोआप तयार झाला. फार देखणा होता. उंच खांब, शेजारी काहीच नाही. असा आलेख पाहिला की परीक्षक चष्मा काढून ठेवतात. दिवाळीला पदवी हातात, मग लेह, मग बर्फ.

आई चहा ठेवून गेली. चहावर साय धरली.

गेल्या हिवाळ्यात वॉर्डात एका नव्या मुलीने संध्याकाळचं बीपी दुपारीच लिहून ठेवलं होतं. पेशंट ठणठणीत होता. आकडाही नंतर जवळपास तोच निघाला. तरी दामिनीने तिला बाजूला घेऊन असं झापलं होतं की ती रडली. “आकडा बरोबर आहे की नाही ते मी विचारत नाही,” दामिनी म्हणाली होती. “तू पट्टा बांधला होतास का?”

पट्टा बांधला होतास का.

तिने स्तंभांची नावं पुन्हा जागच्या जागी केली. आलेख ओंगळ झाला. आधी काही नाही, नंतर डोंगर. जणू सार्वजनिक आरोग्याच्या एका विद्यार्थिनीने वस्तीत पाऊल टाकलं आणि डास वाढवले. एका अर्थी हेच झालं होतं.

तिने सायीसकट चहा पिऊन टाकला आणि फोन लावला.

*

डॉ. देवगड्यांनी सगळं ऐकलं. बेडकांच्या पिल्लांपाशी ते हसू आवरू शकले नाहीत. मग म्हणाले, “आता उरलं काय तुमच्याकडे, कॅप्टन?”

“एक गोष्ट उरली आहे, सर. माझ्या गल्लीने कूलर दोनदा रिकामे केले. पहिल्यांदा मी येणार म्हणून, दुसऱ्यांदा मी ओरडले म्हणून. दर आठवड्याला कूलर घासा, हे रिक्षातून कर्ण्याने सांगतात, पत्रकं वाटतात, कोणी हलत नाही. यांना फक्त कोणीतरी बघायला येणार एवढं कळलं आणि यांनी चिमणीची परळसुद्धा सोडली नाही. तर मग रोजच कोणीतरी येणार असेल तर?”

“रोज कोण येणार? तुम्ही?”

“मी नाही. कोण येणार ते त्यांना सांगायचंच नाही. त्यांची परवानगी घ्यायची, की दिवाळीपर्यंत कधीही, न सांगता, कोणीही पाहायला येईल. आणि नाल्यापलीकडे मला न ओळखणारी एक गल्ली आहे, तिथंही परवानगी घेऊन नुसतं मोजायचं. मोजून झालं की उपायही सांगायचा. दोन्ही गल्ल्या शेजारी ठेवायच्या.”

पुन्हा पाणी प्यायल्याचा आवाज.

“आणि ते दोन रविवार?”

“ते पहिल्या प्रकरणात, सर. जसे झाले तसे.”

“लिहा,” डॉ. देवगडे म्हणाले. “बेडूकही लिहा.”

*

गल्लीने परवानगी आनंदाने दिली. मग गल्ली विचारात पडली. कोणीही म्हणजे कोण?

*

“मावशी, सिलिंडर कुठं ठेवू?”

“आधी कूलर पाय.”

“मी गॅसवाला आहो.”

“सगळे असंच म्हणतेत. टाकी उघडून ठेवली, पाय अन् मंग सिलिंडर ठेव.”

*

मीटर पाहणाऱ्याने कूलर पाहिला. विमा विकणाऱ्याने कूलर पाहिला, आणि त्याला एवढा मान मिळाल्यावर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. पत्ता चुकून गल्लीत शिरलेल्या एका तरुणाला भैयाजींनी टोकापासून टोकापर्यंत सगळ्या टाक्या दाखवल्या आणि शेवटी कानात विचारलं, “रिपोर्ट चांगला देसान ना, साहेब?” तो बिचारा हो म्हणाला. त्याला टिमकी मोहल्ल्यात जायचं होतं.

वच्छलाबाईंची नात रितिका हिला पाहायला उमरेडहून माणसं आली. चार माणसं, चारही अनोळखी. वच्छलाबाईंनी त्यांना बैठकीत न नेता सरळ मागच्या अंगणात नेलं. मुलाच्या बापाने कूलरच्या टाकीत वाकून पाहिलं, दगडी कुंडीत वाकून पाहिलं, आणि मान हलवत मुलाच्या आईला म्हणाला, “घर साफ आहे.” सोयरीक जमली. रितिका आठवडाभर आजीशी बोलली नाही, कारण पोह्यांआधी कूलर दाखवणारी आजी अख्ख्या नागपुरात दुसरी नव्हती.

आणि तरी कूलर रिकामे होत राहिले. कारण खरं माणूस यातलं कोणतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

*

खरं माणूस एका बुधवारी आलं. लेफ्टनंट सोनिका, नुकतीच जबलपूरहून कामठीला बदलून आलेली, मराठीचं एक अक्षर न येणारी. आदल्या दिवशी तिने नाल्यापलीकडची गल्ली मोजली होती. तिथं तीन घरांमागे एका घरात अळ्या होत्या. इथं तिने बोलायचं काय ते पाठ करून आणलं होतं, पण तिला तोंड उघडावंच लागलं नाही. गल्लीत पाय ठेवताच तिला ओढत नेऊन टाक्या दाखवण्यात आल्या. एका घरी सरबत, एका घरी चिवडा. सगळीकडे कोरडं. एका घरी मात्र छपरावरच्या टायरमध्ये अळ्या निघाल्या. त्या घरची बाई भांडली, मग मागून तिनेच टायर भंगारात दिला.

शेवटचं घर बारापात्र्यांचं.

“आमच्या इथं काय पाहता?” कौशल्याने दारातच सांगितलं. “आमची मुलगी कॅप्टन आहे.”

सोनिकाने मोडक्यातोडक्या खुणांनी विचारलं, पाहू तरी? आणि मागे गेली. मोरीच्या बाजूला जुना कूलर होता, कपडे वाळत घालायला टेकू म्हणून वापरत असलेला. त्यावर गणपतरावांचा टॉवेल वाळत होता. सोनिकाने टॉवेल उचलून टॉर्च टाकला.

*

“तिनं लिहिलं?” कौशल्याने फोनवर विचारलं.

“लिहिलं, आई.”

“तिले सांग ना, ते अळ्या नव्हत्या, साबुदाणा धुतलेलं पाणी होतं.”

“साबुदाणा वळवळत नाही, आई.”

“एक घर कमी दाखवलं तं काय होते? आईचं घर तं आहे.”

“म्हणूनच तर.”

कौशल्याने फोन ठेवला. मग बराच वेळ मोरीतून खसखस ऐकू येत राहिली, असं गणपतरावांनी नंतर दामिनीला कळवलं. टॉवेलही त्यांना स्वतः धुवावा लागला.

*

प्रबंध दिवाळीच्या आधी गेला. तोंडी परीक्षा व्हिडिओवर होती, आणि त्या दिवशी कामठीच्या मेसमधलं नेट बंद पडल्यामुळे दामिनीने ती तांडापेठेतल्या घरून दिली. वरती वर्दी, टेबलाखाली आईची चप्पल. दाराच्या पलीकडे आई, वच्छलाबाई आणि भैयाजी श्वास रोखून उभे. तिघांनाही पुढे व्हायचं होतं, त्यामुळे दार अधूनमधून हलत होतं.

परीक्षक बाई कडक होत्या. त्यांनी दोन रविवारांचं प्रकरण दोनदा वाचलं होतं.

“कॅप्टन, हे तुम्ही वगळू शकला असता. कोणालाच कळलं नसतं. का ठेवलं?”

“मॅडम, माझा उपाय त्या चुकीतूनच निघाला. चूक काढली तर उपाय कुठून आला ते सांगता येत नाही.”

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. “शेवटच्या पाहणीत तुमच्या गल्लीत दोन घरांत अळ्या सापडल्या. सगळी गल्ली पाळते आणि ही दोनच घरं पाळत नाहीत. कोण आहेत ही माणसं?”

दार हलायचं थांबलं.

“एका घरी छपरावरचा टायर विसरला होता,” दामिनी म्हणाली. “दुसऱ्या घरी वाटलं की नियम बाकीच्यांसाठी आहे. पाहणाऱ्याच्या जवळची माणसं असं समजू शकतात, हे मी मर्यादांमध्ये लिहिलं आहे.”

“म्हणजे घर कोणाचं?”

“ते गोपनीय आहे, मॅडम.”

दारापलीकडे कोणीतरी एवढा मोठा श्वास सोडला की परीक्षकांनी तिकडे वादळ आलं का म्हणून विचारलं.

निकाल त्याच संध्याकाळी कळला. डॉ. देवगड्यांनी फोनवर ‘अभिनंदन’ म्हटलं आणि पुढं काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, कारण भैयाजी माइकपाशी पोचले होते. गणपती केव्हाच उठले होते, मांडवही सुटला होता, माइक मात्र त्यांनी घरीच ठेवून घेतला होता. पण त्यांनी ‘हॅलो’ म्हणण्याआधी कौशल्याने माइक त्यांच्या हातातून काढून घेतला. कोराडीहून निवृत्त झाल्यापासून हे त्यांच्या बाबतीत प्रथमच घडत होतं.

“ऐका वं सगळ्या,” कौशल्या म्हणाली, आणि कर्णा शिट्टी वाजवून गप्प झाला. “ते दुसरं घर माझंच होतं. माझ्याच कूलरात सापडल्या. पोरीनं आईचं बी सोडलं नाही. म्हणून पास झाली. आता लाडू घ्याले या, अन् येताना टाक्या पाहून या.”

वच्छलाबाई सगळ्यांत आधी उठल्या. लाडू घ्यायच्या आधी त्या कौशल्याच्या मोरीत जाऊन आल्या.

“कोरडं आहे,” त्यांनी गल्लीला सांगितलं.

*

गल्लीत पहिला कूलर वच्छलाबाईंच्या घरी आला तेव्हा दामिनी तिसरीत होती; त्या दुपारी गल्लीतली सगळी पोरं त्यांच्या बैठकीत फरशीवर ओळीने झोपली होती, आणि टाकीत कोणीही डोकावलं नव्हतं.